तीस दिव्यांची पावलं

निपाणीहून अक्का आल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता. बेंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनापासून आमच्या घरापर्यंत रिक्षात त्यांनी तो कुणालाही धरू दिला नाही. अक्का म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नात्यानं माझी आत्या, पण आमच्याकडे लहानथोर सगळेच त्यांना अक्का म्हणत. डब्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेले दोन पितळी मुखवटे होते: आमच्या घराण्याच्या गौरी, थोरली आणि धाकटी. बेळगावहून रात्रभराच्या गाडीत सामान वर गेलं, पिशव्या खाली गेल्या, पण डबा मांडीवरच राहिला. "पाठ टेकली नाही बघ जराही," असं त्यांनी घरात आल्या आल्या आईला सांगितलं, आणि त्यात तक्रार किती आणि अभिमान किती हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, अभिमानच जास्त असावा.

गौरी पिढ्यान्‌पिढ्या निपाणीला बसायच्या. अक्का ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतल्या आणि तेव्हापासून गौरींचं सगळं त्याच बघायच्या. मुखवटे चिंचेनं घासायचे, साड्यांना इस्त्री, फराळ, पुरणाची डाळ, सगळं अक्कांच्या हातचं. फक्त गौर हातात घेऊन उंबरा ओलांडायची वेळ आली की त्या बाजूला सरायच्या आणि त्याच घरातल्या माझ्या काकू पुढे व्हायच्या. तशी रीतच होती आणि त्यावर कुणी काही बोलत नसे. त्या वर्षी काकूंनी सांगून टाकलं की नोकरीतून आता हे होत नाही. गौरी कुठं जाणार, असा प्रश्न आला तेव्हा माझ्या आईनं, लग्नाला वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, सासरी काहीतरी मागितलं. आई निपाणीत कायम 'बेंगळूरची'. सणाला गेली की तिच्या वाट्याला भाजी निवडणं आणि पानं पुसणं यायचं. अक्कांनी तिचा फोन ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "आणते. घर बघते, रीत बघते. मनासारखं वाटलं तर ठेवते तुझ्याकडं. नाहीतर विसर्जन झालं की आल्या तशा परत नेते." आईनं "बरं अक्का" म्हणून फोन ठेवला आणि त्या दिवसापासून आमच्या घराला लगीनघाई झाली.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या डोक्यात पिक्सेल दिव्यांचं खूळ शिरलं होतं. माळेतला प्रत्येक दिवा वेगळा सांभाळता येतो, हवा तेव्हा, हव्या त्या रंगात लावता येतो, हे पहिल्यांदा पाहिलं त्या आठवड्यात मी अभ्यासाचं पुस्तक उघडलं नाही. आदल्या दिवाळीत मी रंग बदलणारा आकाशकंदील केला होता. तो पाहून समोरच्या सुमित्राम्मा "अय्यो, एष्टु चंद!" म्हणाल्या, आणि तेवढ्या कौतुकावर मी वर्षभर चालले. आता मला गौरींच्या पावलांपाशी दिवे हवे होते. दारापासून घरातल्या अरुंद बोळातून आराशीपर्यंत आई पावलं काढणार; एकेका पावलाशेजारी एकेक दिवा. आई गौर घेऊन जसजशी आत येईल तसतसे दिवे तिच्यापुढं एकामागून एक लागत जातील. आईला हे सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात थांबवून तिनं विचारलं, "अक्कांना चालेल का गं?" मग स्वतःच म्हणाली, "चालू दे. आपल्या घरी आपली काहीतरी तऱ्हा असायला हवी."

या दिव्यांची गंमत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. कंट्रोलर नावाची एक छोटी पाटी असते, तिला फोनवरून हुकूम दिला की तिच्यातून सगळ्या दिव्यांचे निरोप एकाच तारेवरून निघतात. पंगतीत पत्रावळ्यांची चळत येते तेव्हा आपली एक काढून घ्यायची आणि बाकीची शेजाऱ्याकडं सरकवायची, तसंच इथं. पहिला दिवा पहिला निरोप ठेवून घेतो आणि उरलेले पुढं देतो, दुसरा दुसरा ठेवतो. म्हणून निरोप नेहमी एकाच दिशेनं जातो, माळ उलटी जोडली तर काहीच लागत नाही, आणि कंट्रोलरला जो जवळ तो दिवा पहिला. हे सगळं मला पाठ होतं. अगदी झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तरीही व्हायचं ते झालंच.

माळेतले दिवे चार बोटांच्या अंतरावर असतात आणि आईची पावलं हातभर अंतरावर. म्हणजे प्रत्येक दोन दिव्यांमध्ये तारा तोडून, लांबवून, पुन्हा सोल्डरिंगचा डाग देणं आलं. अण्णा नुकतेच सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले होते, तेही इन्स्पेक्शन खात्यातून. माणूस निवृत्त झाला तरी खातं काही निवृत्त झालं नव्हतं. चहाची साय, माझी वेणी, शेजाऱ्यांची पार्क केलेली स्कूटर, सगळ्याचं इन्स्पेक्शन व्हायचं आणि फारसं काही पास व्हायचं नाही. माझा पहिला जोड त्यांनी दोन बोटांत धरून ओढला आणि तो सुटून आला. "रिजेक्ट," ते म्हणाले. दुसरा टिकला, पण त्यावर चढवायची नळी मी डाग देण्याआधी तारेत ओवायला विसरले होते. "आधी नळी, मग जोड. पुन्हा कर." तीन दिवस आमच्या घरात डागाच्या राळेच्या धुराचा आणि बेसन भाजल्याचा वास एकत्र फिरत होता. इकडं कढईत झारा खरवडल्याचा आवाज, तिकडं अण्णांचा "रिजेक्ट". पास झालेल्या प्रत्येक जोडावर ते माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. मी चिडायचे, रडकुंडीला यायचे, आणि ते बाहेर गेले की ठिपके मोजायचे. त्या तीन दिवसांत जेवढं शिकले तेवढं चार वर्षांच्या कॉलेजात शिकले नाही, हे मी आज कुणालाही सांगते.

दिवसाउजेडी हे दिवे नीट दिसत नाहीत, म्हणून मी माळ आणि फोन घेऊन आईच्या काळ्या घोंगडीखाली बसायचे. अक्का आल्या त्या सकाळी मी तशीच बसले होते. बाहेरून त्यांचा आवाज आला, "पोरीला सर्दी झालीया व्हय? वाफ द्यायलीस काय तिला?" मी घोंगडीतून डोकं काढलं, आणि आतले जांभळे-पिवळे दिवे पाहून अक्का दोन पावलं मागं सरल्या. मग त्यांनी घर बघितलं. खरोखरच बघितलं; सैपाकघराच्या फळीवरून बोट फिरवून बघितलं. सुमित्राम्मा भेटायला आल्या, त्यांच्याही मनात एक शंका होतीच. त्यांच्या कानडी रिवाजात गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी येते, आई आधी आणि मुलगा मागून. आमच्या गौरी गणपती बसल्यावर दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या. "तुमची गौरी स्वल्प लेट," त्या आईला म्हणाल्या. "निपाणीहून यायचं म्हणजे उशीर होणारच की," असं अक्का गंभीरपणे म्हणाल्या, आणि सुमित्राम्मांना ते पटलं.

आवाहनाच्या दिवशी सकाळी आईनं बाजारातून शेपू आणला; आमच्या भाजीवालीकडं त्याला सब्बसिगे म्हणतात आणि इथं तो मुबलक मिळतो, ही बेंगळूरची एक बाजू अक्कांनी मान्य केली. गौरी येतात त्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. दुपारी आईनं तांदळाच्या पिठात मूठ बुडवून दारापासून पावलं उमटवायला घेतली. मुठीचं पाऊल, वर बोटांचे पाच ठिपके. पंधरा उजवी, पंधरा डावी. बाजूनं मी लाल कापड चढवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीत दिवे बसवत गेले. कंट्रोलर आणि वीज देणारा डबा दाराजवळच्या प्लगला लावला होता. अण्णा आले, बघितलं, आणि म्हणाले, "इथं नाही चालणार. दारात पाय धुणार. विजेचा डबा पाण्यात ठेवतेस? रिजेक्ट."

ते बरोबरच होतं. गौर आणणारीच्या पायावर उंबऱ्यात पाणी घालतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग घाईघाईनं डबा आणि कंट्रोलर आत नेला, आराशीशेजारच्या प्लगला लावला आणि निरोप जायला हवा म्हणून अख्खी माळ फिरवली. सगळे दिवे एकदम लावून पाहिले. तीसच्या तीस लागले. "जागेवर टेस्ट केलीस?" अण्णांनी आतून विचारलं. "हो," मी म्हणाले आणि साडी नेसायला पळाले. दिवे लागतात हे मी पाहिलं होतं. चालतात कसे ते पाहिलं नव्हतं. पहिला दिवा आता आराशीपाशी होता आणि तिसावा दारात.

दिवेलागणीला आई हिरव्या साडीत, थोरल्या गौरीचा मुखवटा दोन्ही हातांत धरून दाराबाहेर उभी राहिली. ती दोन खेपा करणार होती, आधी थोरली, मग धाकटी. धाकटीचा मुखवटा बाहेर पाटावर होता आणि अक्का त्याच्या राखणीला चपलांच्या मांडणीजवळ, भिंतीला चिकटून उभ्या होत्या. सुमित्राम्मांनी तांब्यातलं पाणी आईच्या पायांवर घातलं, ओवाळलं. अण्णा आत आराशीजवळ ताट आणि चमचा घेऊन तयार. शेजारच्या चार-पाच बायका भिंतीशी दाटीनं उभ्या. आईनं उजवा पाय उचलला आणि मी फोनवर बोट दाबलं.

दिवे आराशीपासून निघाले. सोनेरी, एकामागून एक, अगदी नीट, मला हव्या होत्या त्याच चालीनं, आतून बाहेर. पावलं आईच्या दिशेनं आली, उंबऱ्याशी पोचली आणि तिथं शेवटचा दिवा तेवत राहिला. आईचा पाय तसाच अधांतरी होता. मग अक्कांचा आवाज आला, हळू आणि घाबरलेला. "अगं बाई. बाहेर चालली. लक्ष्मी बाहेर चालली."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी ती नजर अजून विसरले नाही. रागाची असती तर विसरले असते. वीस वर्षं वाट पाहून मागितलेली एकच गोष्ट माझ्या फोनमुळं परत चालली होती. आतून अण्णांच्या पावलांचा आवाज आला तेव्हा मी मान खाली घातली. सगळ्यांसमोर आता तो शब्द येणार, आणि या वेळी तो योग्यच असणार, हे मला ठाऊक होतं.

अण्णा बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. दिव्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बाहेर कशाला चालेल?" ते म्हणाले. "पाहुणी पहिल्यांदा येते आपल्या घरी. तिला घर ठाऊक आहे काय? कुणी दारापर्यंत आणायला जायला नको?"

"दत्तू, काहीबाही बोलू नको," अक्का म्हणाल्या.

"काहीबाही काय? तू आलीस तेव्हा मी स्टेशनावर आलो होतो की नाही? घरात बसून 'ये' म्हटलं काय तुला?"

आयुष्यभर चुकीच्या वस्तूला पास न केलेला माणूस सगळ्यांदेखत माझी चूक पास करत होता, तीही अशा आवाजात की जणू आराखडाच तसा होता. आई उंबऱ्यातल्या त्या शेवटच्या दिव्याकडं पाहत होती. मग तिची मान वळली आणि दिव्याच्या पलीकडं, चपलांजवळ उभ्या असलेल्या अक्कांवर थांबली.

"खरंच आणायला आलेत म्हणायचं," आई म्हणाली. "मग दोघींना बरोबरच नेऊया. अक्का, धाकटीला तुम्ही घ्या."

"मी?" अक्का भिंतीला आणखीच चिकटल्या. "खुळी काय गं तू? मी घेऊन चालतंय होय?"

"निपाणीपासून कुणी आणली? रात्रभर कुणाच्या मांडीवर होती? आता या तीस पावलांसाठी मी दुसरं माणूस कुठून आणू?"

"लोक काय म्हणतील?"

"माझं घर आहे अक्का. तुम्ही रीत बघायला आलात ना? माझ्या घरची रीत ही."

आई असं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. तिलाही नसावं. सुमित्राम्मांना यातलं किती समजलं कोण जाणे. पण त्या तांब्या घेऊन पुढं झाल्या आणि "बन्नी अक्का, बन्नी," असं आत बोलावत त्यांनी सरळ अक्कांच्या पायांवर पाणी घातलं. अक्का आपल्या भिजलेल्या पायांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं हात पुसले. उजवा, डावा, पुन्हा उजवा, पुन्हा दोन्ही. आम्ही सगळे थांबलो. शेवटी वाकून त्यांनी पाटावरचा मुखवटा उचलला.

फोनवर दिशा उलटी करण्याचं एक बटण असतं. इतका वेळ ते माझ्या अंगठ्याखालीच होतं. मी दाबलं आणि दिवे दारातून आत वळले. त्यांच्यामागून आई आणि अक्का, खांद्याला खांदा लावून, कारण बोळ अरुंद होता. अण्णांनी ताट वाजवलं आणि विचारलं, "गौरी आली?" "आली," आई म्हणाली. "कशाच्या पावलांनी आली?" याचं उत्तर अक्कांना शंभरदा ऐकून पाठ होतं, पण दोनदा विचारलं तरी त्या मुखवटाच सावरत राहिल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सोन्याच्या पावलांनी आली," आणि मग रडल्या, चालता चालताच, मुखवटा छातीशी धरून.

भाकरी खाऊन झाल्यावर मी अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी सुपारी कातरायला घेतली होती. "टेस्ट कशाची केली होतीस?" त्यांनी विचारलं. "सगळे लागतात का, त्याची." "चालवून?" "नाही." त्यांनी कातरलेलं एक खांड माझ्या हातावर ठेवलं. "कशाची केलीस, ते मी विचारायला हवं होतं. नुसतं 'केलीस का' विचारलं. इन्स्पेक्शनची चूक ती." एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला. आज मी ज्या कामावर पोट भरते त्यात माझ्या हाताखाली दहा माणसं आहेत आणि त्यांच्याही हातून चुका होतात. लोकांसमोर चूक सावरायची आणि एकांतात तिचा अर्धा भाग आपल्याकडं घ्यायचा, हे मला करून दाखवणारा माणूस घरातच मिळाला. त्याबद्दल मी त्यांना कधी काही म्हटलं नाही. हे ते वाचतील, म्हणून इथं लिहून ठेवते: अण्णा, तुमचे फार उपकार आहेत.

विसर्जन झाल्यावर अक्कांनी मुखवटे पुसले, लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळले आणि आईच्या कपाटात, तिच्या साड्यांखाली ठेवले. "पुढच्या वर्षी येते," एवढंच म्हणाल्या. आईनं कपाट बंद केलं आणि किल्ली किती तरी वेळ हातात धरून ठेवली.

पुढच्या वर्षी मी हुशारी केली. दिवे दारातूनच निघतील असा प्रोग्रॅम नीट लिहिला, जागेवर चालवून बघितला, एकदा नव्हे वीसदा. अण्णांनी पास केला. अक्कांनी मात्र रंगीत तालीम बघूनच मान हलवली. "हे काय? आधी आणायला पाठव की. बोलावणं नको काय?" मी पुन्हा बसले. दिवे आधी दारापर्यंत जातील, तीन सेकंद थांबतील आणि मग आत वळतील, असं केलं. संध्याकाळी दिवे दारात पोचले, अक्कांनी हात पुसायला पदर घेतला, आणि त्यांचा डावा हात पुसून व्हायच्या आत दिवे आत निघाले. "अगं, थांबीव की जरा!" त्या दारातून ओरडल्या. सगळे हसले, आईसुद्धा. त्यानंतर मी वेळ मोजून ठरवला. अकरा सेकंद.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. आता आईचे गुडघे दुखतात, तरी थोरली तीच आणते. धाकटी माझ्या हातात असते. त्या तीसपैकी निम्मे दिवे मी बदलले आहेत, कंट्रोलर तिसरा आहे, आणि दर वर्षी काहीतरी नवीन करायची मला खुमखुमी येतेच. फक्त दारातल्या थांबण्याला मी हात लावलेला नाही. दिवे उंबऱ्याशी येतात आणि तेवत राहतात. हात पुसायला आता कुणी नसतं, त्यामुळं अकरा सेकंद फार लांब वाटतात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडं आलेल्या एका पाहुणीनं हळूच विचारलं, अडकलं का काही? सत्तरी उलटलेले अण्णा आतून ताट सावरत म्हणाले, "अडकलं नाही. थांबा." मग दिवे आत वळले आणि आई आणि मी त्यांच्यामागून चालू लागलो.